पावतीपुस्तक

डिचोलीच्या छापखान्यात फोंडूने प्रूफ पुढे सरकवलं,
चष्म्यावरून बघत विचारलं,
"वहिनी, नावाआधी 'कै.' घालूया ना?"
कु. श्रीजा घनश्याम गावस स्मरणार्थ पेजसेवा.
पावती क्रमांक. रुपये. अक्षरी रुपये.
एक अक्षर आणि एक टिंब
आठ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर,
जिच्या फ्रॉकचे हुक मागून मलाच लावावे लागायचे.
"नको," म्हटलं. मग, "घाल."
मग, "उद्या सांगते."
आणि ते 'स्मरणार्थ'ही तूर्त काढ म्हटलं.

तीन वर्षं झाली. पुस्तकं तशीच छापून येतात.
एखादा देणगीदार पावतीची घडी खिशात घालताना म्हणतो,
"एवढ्या वयात केवढं काम करते हो तुमची मुलगी!"
मी हो म्हणते.

दर गुरुवारी घनश्याम पहाटे चारला उठतो.
पूर्वी याला काडेपेटी कुठे असते ते ठाऊक नव्हतं.
आता उकड्या तांदळाची पेज
शिजून झाल्यावरही ढवळत राहतो,
मी टोप उतरवेपर्यंत.
बांबोळीला फाटकापाशी गाडी लावतो
आणि आत येत नाही.
कालचा पेपर वाचतो. मी विचारत नाही.

आत दोडामार्गचे, काणकोणचे, कारवारचे लोक,
रात्रभर बाकांवर वळकटी होऊन पडलेले,
वाट्या पुढे करतात.
पेज कुणीही वाढू दे,
बरणी मात्र मी हातातून सोडत नाही.
मिठातली तोरं.
शेवटच्या आठवड्यात तिने मागितलं होतं,
"एवढुस्सं, आई. नखाएवढं."
मीठ बंद होतं. मी नाही म्हटलं.
पुन्हा मागितलं. पुन्हा नाही म्हटलं,
जरा आवाज चढवूनच.
आता जो मागेल त्याला, वर आणखी एक फोड.

एक आजोबा पायाच पडायला वाकले,
माझ्या वडिलांहून थोरले.
म्हणाले, पुण्य आहे बाये तुझं.
त्यांना कसं सांगू, गेल्या महिन्यात
साटेलीचा मुलगा बरा होऊन घरी निघाला,
मी त्याच्या हातावर लाडू ठेवला, टोपी सारखी केली,
आणि त्याची आई चादर झटकून घडी घालू लागली
ते मला बघवेना.
पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिले.
किती वाईट वाईट मनात आलं त्या बाईबद्दल.
आमची चादर आम्ही तिथेच सोडून आलो होतो.

नवी कुणी आली की पेज फुंकता फुंकता विचारते,
"तुका कितलीं भुरगीं, बाय?"
कधी सांगते एक. कधी सांगते नाही.
एकदा दोन म्हणून गेले,
आणि म्हापसा येईपर्यंत
दुसऱ्याचं नाव काय ते ठरवत बसले.

आज केरीची एक मुलगी, हाताला सलाईन,
नजर बरणीवर.
तिची आई म्हणाली, "तिला नको हां. मीठ बंद केलंय."
मला ती ओळखीची वाट दिसली
आणि घसा सुकला.
झाकण लावायला हवं होतं.
काढलं. बरणी तिच्या नाकाखाली धरली.
"वास घे."
तिने डोळे मिटून घेतला,
तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं,
म्हणाली, "अजून एकदा."

हे तेव्हा सुचलं नाही.
एवढं साधं, बिनमिठाचं.

गाडीत बसले. त्याने पेपर दुमडला.
"संपली?"
"पेज संपली."
"मग रडतेस कशाला?"
बरणी मांडीवर घट्ट धरली होती,
माझ्या हातांना लोणच्याचा वास येत होता.
मी हात त्याच्यापुढे धरले.
बराच वेळ त्याने गाडी सुरू केली नाही.